बांगड्याचा वास किती वेळ राहतो?

रविवारी दुपारी बांगडे तळले. संध्याकाळी नणंद आली ती दारातूनच म्हणाली, "मासे केलेत वाटतं आज!" इथवर ठीक. पण सोमवारी ऑफिसला निघताना शर्टाला वास, आणि संध्याकाळी कुलूप उघडलं की तोच वास पुन्हा स्वागताला. आमच्या ठाण्याच्या टू बीएचकेत हे कित्येक वर्षं चाललं होतं आणि आम्ही सगळा दोष बांगड्याच्या माथी मारत होतो. बांगड्याचा काही दोष नव्हता. आत तयार झालेला धूर बाहेर जायला घरात वाटच नव्हती.

घरातली हवा या विषयावर बोलणं सुरू झालं की लोक थेट यंत्रापाशी येतात: कोणतं प्युरिफायर घ्यावं? मला वाटतं तो शेवटचा प्रश्न आहे. पहिले दोन साधे आहेत. घरात हवा खराब करणारं काय तयार होतं, आणि ते किती वेगाने बाहेर जातं. दुसऱ्या प्रश्नाचं ढोबळ उत्तर नाकच देतं. शाकाहारी घरात बांगड्याऐवजी हिंगाची फोडणी धरा. पडद्यात, सोफ्यात मुरलेला वास मागे रेंगाळतो हे खरं, पण फोडणीचा वास दोन-तीन तासांनीही घरभर असेल तर त्याच हवेत त्या फोडणीचा धूरही आहे.

यामागचा हिशेब बघा. खिडक्या बंद असलेल्या घरात फटीफटीतून हवा येत-जात असतेच. समजा तासाभरात निम्म्या घराएवढी हवा बदलते. अशा घरात धूर निम्मा व्हायला जवळजवळ दीड तास लागतो, आणि उरलेल्याचा पुन्हा निम्मा व्हायला आणखी दीड तास. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडल्या आणि तासाला पाच वेळा हवा बदलू लागली, तर तोच धूर आठ-नऊ मिनिटांत निम्मा होतो. धूर तेवढाच, तव्यावरचा बांगडा तोच. बदलला तो फक्त वेळ.

आता आपल्या फ्लॅटकडे बघा. सरकत्या काचेच्या खिडक्या कितीही सरकवल्या तरी अर्ध्याच उघडतात. त्यावर डासांची जाळी, आणि त्या जाळीवर दोन दिवाळ्यांमधली धूळ. आमच्या हॉलची जाळी मी एकदा काढून उजेडासमोर धरली तर निम्मी भोकं करड्या लोकरीने बुजल्यासारखी दिसली. बाल्कनी आत घेतली म्हणजे वारा येण्याची एक बाजू गेली. बाथरूमची खिडकी डक्टमध्ये, आणि डक्टमध्ये कबुतरं. मग "आमच्याकडे सगळं उघडंच असतं" असं आपण म्हणतो.

इथे जुन्या कौलारू घरांचं कौतुक करायचा मोह होतो. कौलांच्या फटी, झरोके, आरपार दारं. हवा खेळती होती, यात शंका नाही. पण त्याच घरात चुलीसमोर फुंकणी घेऊन बसलेली बाई कौलांच्या आधी तो धूर पीत होती. कर्क स्मिथ या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर मोजयंत्रं लावून हा धूर मोजला, तेव्हा कुठे जग घरातल्या प्रदूषणाकडे बघायला लागलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२० सालीसुद्धा घरातल्या इंधनाच्या धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. तेव्हा झरोका हवा, पण आजीची चूल परत नको.

गॅस आल्याने चुलीचा धूर गेला, स्वयंपाकाचा राहिला. मोहरी तडतडली, मिरची पडली की ठसका लागतो. तो ठसका मिरचीतल्या कॅप्सेसिनचा. तो निदान सांगून येतो. न सांगता आत जातात ते तापलेल्या तेलाचे बारीक कण. पीएम २.५ म्हणतात ते हेच: अडीच मायक्रॉनपेक्षा लहान, म्हणजे केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या-तिसाव्या भागाएवढे. सकाळच्या कवडशात नाचताना दिसते ती धूळ बहुतेक जाड असते, नाकातल्या केसांत आणि घशात अडकते. हे बारीक कण डोळ्याला सुटे दिसत नाहीत आणि फुप्फुसाच्या पार टोकाच्या पिशव्यांपर्यंत पोचतात. शिवाय गॅसची ज्योत इतकी तापलेली असते की हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतो. श्वासनलिकेला तो चांगला नाही, दम्याच्या मुलांना तर नाहीच. इंडक्शनवर हा वायू होत नाही. फोडणीचा धूर मात्र इंडक्शनवरही तेवढाच.

म्हणून चिमणी. पण चिमणी विकत घेताना पहिला प्रश्न रंगाचा किंवा हात हलवून चालू होण्याचा नसावा. पाइप बाहेर जातो का, हा असावा. डक्टलेस चिमणी तेलाचे थेंब थोडे पकडते, कोळशाच्या फिल्टरने वास थोडा शोषते आणि उरलेली हवा स्वयंपाकघरातच परत सोडते. सोसायटी भिंतीला भोक पाडू देत नाही म्हणून पुष्कळ जण ती घेतात. माझ्या मते त्यापेक्षा ओट्याजवळच्या खिडकीत बसवलेला दोनेक हजारांचा एक्झॉस्ट फॅन बरा. पाइप असेल तर तो जितका सरळ आणि आखूड तितका चांगला. तीन वळणं घेत माळ्यावरून फिरवलेला पाइप यंत्राची निम्मी ताकद खातो. तळण मागच्या बर्नरवर करावं, कारण चिमणीखाली तोच नीट येतो. पंखा फोडणीच्या आधी लावावा आणि गॅस बंद केल्यावरही दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवावा. आमच्याकडे उलट होतं: ठसका लागला की कोणीतरी ओरडायचं, "अगं, पंखा लाव!"

आणखी एक गोष्ट इलेक्ट्रिशियनही सांगत नाही. एक्झॉस्ट फॅन हवा बाहेर फेकतो, म्हणजे तेवढीच हवा कुठून तरी आत यायला हवी. सगळं घर बंद करून तो लावला तर आवाज करतो, ओढत काहीच नाही. टिश्यू पेपरचा तुकडा जाळीजवळ धरून बघा. घर बंद असताना तो नुसता थरथरतो. हॉलची खिडकी चार बोटं उघडा, कागद जाळीला चिकटून बसतो. खिडकी मात्र पंख्यापासून लांबची हवी. शेजारचीच उघडली तर पंखा तिथलीच हवा आत घेऊन बाहेर टाकत बसतो आणि धूर खोलीभर तसाच राहतो.

स्वयंपाक टाळता येत नाही. पण काही धूर आपण हौसेने, श्रद्धेने किंवा डासांच्या रागाने स्वतःच करतो. उदबत्ती, धूप, लोबान, कापूर हे सगळं जळतं आणि जळणाऱ्या गोष्टीला देवघर आणि ओटा यांतला फरक कळत नाही. देवापुढची एक उदबत्ती उघड्या खिडकीशी लावली तर मी कोणाशी भांडणार नाही. बंद बेडरूममध्ये "वास छान येतो" म्हणून रोज रात्री दोन लावणं वेगळं. डासांच्या कॉइलबद्दल मात्र मला काही मिळमिळीत बोलायचं नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक कॉइल पूर्ण जळल्यावर निघणारे पीएम २.५ कण ७५ ते १३७ सिगारेटींएवढे भरले. ज्या घरात कोणी सिगारेट पेटवली तर आजोबा त्याला बाहेर काढतील, त्याच घरात नातवाच्या पलंगाखाली कॉइल रात्रभर जळते. मशीनमधल्या लिक्विडला धूर नसला तरी कीटकनाशकाची वाफ असतेच. मच्छरदाणीला यांपैकी काही नाही, आणि ती कित्येक वर्षं टिकते.

बाळंतिणीच्या खोलीतली धुरी हा याहून नाजूक विषय. माझ्या मुलीच्या वेळी सासूबाईंनी शेगडी काढली, निखारे केले, वर ओवा, वेखंड, थोडा ऊद. मी कुरकुरले तर म्हणाल्या, "आमची चारही मुलं धुरीवरच वाढली हो. एकाला तरी काही झालं का?" मी वाद घातला नाही. त्यांना एवढंच विचारलं, "आई, तेव्हा आपल्या माजघराला एसी होता का?" त्या हसल्या. पण त्या दिवसापासून शेगडी मागच्या गॅलरीत गेली आणि ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम होऊ लागली. खरी भीती ओव्याच्या धुराची नसून निखाऱ्यांची आहे. लालबुंद निखाऱ्याला धूर नसतो म्हणून तो निर्धोक वाटतो. त्यातून निघणाऱ्या वायूकडे शेवटी येते.

बेडरूममध्ये काही जळत नसलं तरी दोन माणसं रात्रभर श्वास सोडत असतात. दहा बाय बाराची, साडेनऊ फूट उंचीची खोली म्हणजे सुमारे ३२ घनमीटर, ३२ हजार लिटर हवा. झोपलेलं मोठं माणूस तासाला अंदाजे बारा-साडेबारा लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतं. दोघांचे पंचवीस लिटर. फटी पूर्ण बुजवलेल्या असत्या तर दर तासाला या वायूचं प्रमाण पावणेआठशे पीपीएमने (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत पावणेआठशे भागांनी) चढलं असतं, आणि पहाटेपर्यंत सहा हजारांच्या वर गेलं असतं. दाराखालच्या फटींमुळे तेवढं होत नाही, पण बंद एसी खोलीत दोन हजार ओलांडणं अगदी सहज. बाहेरच्या हवेत ते सव्वाचारशेच्या आसपास असतं. म्युनिकच्या माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ सालीच सांगून ठेवलं होतं की खोलीत हे प्रमाण एक हजाराच्या वर गेलं की हवा कोंदट समजावी. दोन हजारांनी कोणी मरत नाही. पण सकाळी डोकं जड असणं, सात तास झोपूनही आळसावलेलं वाटणं, यामागे कधीकधी गादीपेक्षा हवाच असते.

इथे एक समजूत काढायला हवी. स्प्लिट एसी बाहेरून ताजी हवा आणत नाही. बाहेरचं यंत्र फक्त खोलीतली उष्णता बाहेर फेकतं. आत खोलीतलीच हवा गोल गोल फिरत राहते, गार होऊन. एसीची जाळी धुतलीत तरी कार्बन डायऑक्साइड कमी होणार नाही. उपाय फुकटचा आहे: बेडरूमचं दार वीतभर उघडं आणि हॉलची एक खिडकी किलकिली. बिल थोडं वाढतं. झोपायच्या आधी आणि उठल्यावर दहा मिनिटं सगळं उघडलं तरी पुष्कळ फरक पडतो.

पावसाळ्यात प्रश्न पाण्याचा. मुंबई-ठाण्यात जुलैमध्ये बाहेरचीच आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर असते. त्यात वॉशिंग मशीनमधून काढलेले कपडे हॉलमध्ये दोरीवर. पाच किलो कपड्यांतून दोन-अडीच लिटर पाणी हवेत जातं आणि मग ते सगळ्यात गार भिंत शोधतं. कपाट भिंतीला चिकटवलेलं असेल तर त्यामागे हवा फिरत नाही, तिथे काळी-हिरवी बुरशी धरते. आमच्याकडे ती तीन वर्षांनी सापडली, रंगकामासाठी कपाट सरकवलं तेव्हा. तोवर मुलीच्या शिंका "सिझनल" होत्या. बुरशीवर रंग मारणं म्हणजे तिला पांघरूण घालणं. आधी ओल कुठून येते ते बघा: वरच्यांचं बाथरूम, बाहेरच्या भिंतीची चीर, पावसाचा पाइप. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा. कपडे वाळत घातलेल्या खोलीत पंखा लावून खिडकी उघडी, किंवा बंद खोलीत एसी ड्राय मोडवर. यांपैकी एकच करा. एसी चालू आणि खिडकीही उघडी ठेवली तर बाहेरची सगळी आर्द्रता आत बोलावून वाळवत बसाल.

त्याच कपाटातल्या डांबरगोळ्यांकडेही बघा. त्या झिजतात, बारीक होतात आणि नाहीशा होतात, म्हणजे जातात कुठे? हवेत. त्यातल्या नॅप्थलीनने जी-सिक्स-पीडी नावाच्या एंझाइमची कमतरता असलेल्या तान्ह्या बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात. बाळाचे, विशेषतः आजोळहून आलेले पेटीतले कपडे घालण्याआधी धुऊन उन्हात टाकावेत ते यासाठी.

कबुतरांबद्दल थोडक्यात, कारण त्यावरून मुंबईत पुरेशी भांडणं झाली आहेत. वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षं श्वासात जात राहिली तर काही लोकांत फुप्फुसाला ॲलर्जीची सूज येते आणि पुढे ते कडक होत जातं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या देशभरातल्या १,०८४ रुग्णांच्या नोंदीत फुप्फुस कडक करणाऱ्या आजारांपैकी सुमारे ४७ टक्के याच प्रकारचे निघाले. त्यात पक्ष्यांच्या जोडीला संशयित होता बुरशी धरलेला कूलर. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांनी मे महिन्यात गवताच्या ताट्या बदलण्याचा कंटाळा करू नये. एसीच्या बाहेरच्या यंत्रामागची कबुतरांची घाण कोरडी खरवडू नये. आधी पाणी मारावं, तोंडाला चांगला मास्क बांधावा.

आता प्युरिफायर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आपल्याकडे रात्री जमिनीलगतची हवा गार पडते, वरची उबदार हवा झाकणासारखी बसते आणि शहराचा धूर खालीच कोंडतो. तेव्हा पहाटे खिडक्या उघडून "शुद्ध हवा" घेणं उलटं पडतं. दुपारी ऊन तापलं की झाकण उचललं जातं. उघडायचं तर तेव्हा उघडा. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'सफर' किंवा केंद्रीय प्रदूषण मंडळाचं 'समीर' ॲप बघून ठरवता येतं. पीएम २.५ साठी आपलं चोवीस तासांचं मानक घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेचं १५. म्हणजे ॲपवर हिरवा रंग दिसला तरी हवा निर्मळच असेल असं नाही.

बाहेरची हवा वाईट आणि आत दमेकरी माणूस, अशा वेळी प्युरिफायर खरंच कामाला येतो. खोक्यावरची बाकी सगळी नावं सोडून सीएडीआर हा आकडा शोधा. तो सांगतो की यंत्र तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतं. आपल्या ३२ घनमीटरच्या खोलीत तासाला पाच वेळा हवा गाळायची तर १६० लागतो. यंत्र सर्वांत वरच्या वेगावर असेल तेव्हाचा हा आकडा असतो आणि त्या आवाजात झोप लागत नाही, म्हणून दीडपट-दुप्पट घ्यावा. आत हेपा, म्हणजे अगदी बारीक कणही अडवणारा, फिल्टर असावा, ओझोन सोडणारं काही नसावं. सोफ्यामागे लपवू नये. आणि हे यंत्र कण पकडतं, कार्बन डायऑक्साइड नाही. कुंड्यांचं म्हणाल तर १९८९च्या नासाच्या प्रयोगात झाडं लहान बंद पेटीत होती. पुढे संशोधकांनी हिशेब मांडला, तेव्हा साध्या उघड्या-बंद खिडक्यांची बरोबरी करायला जमिनीच्या दर चौरस मीटरला दहापासून हजारपर्यंत झाडं लागतील असं निघालं. मनीप्लांट ठेवा, छान दिसतो.

आता त्या निखाऱ्यांकडे. नाक हाच मीटर, असं मी सुरुवातीला म्हटलं. हा मीटर एका जागी पूर्ण फसतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, ठसका नाही. इंधन अर्धवट जळलं की तो होतो. बंद खोलीतल्या शेगडीतून, जनरेटरमधून, आणि आपल्याकडे सर्वांत जास्त ज्याच्याशी गाठ पडते तो म्हणजे बाथरूममधला गॅस गिझर. हिवाळ्यात थंडी वाजते म्हणून खिडकी बंद, दाराला कडी, वीस मिनिटं गरम पाणी चालू. छोट्या बाथरूममधला ऑक्सिजन ज्योत आणि माणूस दोघेही वापरतात, तो कमी पडला की ज्योत अर्धवट जळते आणि हा वायू वाढतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, पाय लटपटतात, आणि कडी काढायचं सुचेपर्यंत हात उचलत नाही. अंघोळीत चक्कर आली म्हणजे बीपी किंवा उपास, असं समजून घरचे लोक लिंबू-सरबत करायला धावतात.

गिझर बाथरूमच्या आत असेल तर तो ड्राय बाल्कनीत किंवा बाहेरच्या भिंतीवर हलवून घ्या. प्लंबरचं एका दिवसाचं काम आहे. तोवर बादली भरा, गिझर बंद करा, दार-खिडकी उघडून पाच मिनिटं थांबा, मग अंघोळीला जा. कोणी आत आहे आणि हाकेला ओ देत नाही, तर आधी गॅस बंद, दार तोडून माणूस मोकळ्या हवेत, आणि दवाखान्यात नेल्यावर पहिलं वाक्य "बाथरूममध्ये गॅस गिझर चालू होता" हे. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजन लावला तर साधारण दीड तास.